चार दिवसांचा दाखला

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी धुळ्याच्या देवपुरातल्या यशोदाबाई पाटील चटई, तांब्या आणि वाचनालयाचं पुस्तक घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसल्या आणि घरातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

खरं म्हणजे यात पाहण्यासारखं काही नव्हतं. लग्न झाल्यापासून अडतीस वर्षं त्या महिन्यातले चार दिवस अशाच बाजूला बसत आल्या होत्या. सासूबाईंनी घालून दिलेला नियम. चुलीजवळ जायचं नाही, पाण्याच्या माठाला शिवायचं नाही, देवाकडे फिरकायचं नाही. सोळा वर्षांच्या यशोदाबाईंना या नियमाचा पहिल्यांदा भयंकर राग आला होता. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की ‘माझा सदरा कुठंय?’ असं जे चार दिवस कोणी विचारत नाही, ते हेच. मग राग हळूहळू ओसरला. सासूबाई गेल्या, चूल जाऊन गॅस आला, माठाशेजारी फिल्टर आला, पण नियम मात्र यशोदाबाईंनी जपून ठेवला. सरकारी नोकराला रजा किती प्रकारच्या! किरकोळ, अर्जित, वैद्यकीय. घरातल्या बाईला ही एकच. तिला अर्ज लागत नाही आणि साहेबाची सही लागत नाही. या चार-चार दिवसांत यशोदाबाईंनी देवपूरच्या वाचनालयाची दोन कपाटं संपवली होती आणि आता तिसऱ्याचा वरचा खण चालू होता.

अडचण एवढीच होती, की ही रजा आतापर्यंत बंद व्हायला हवी होती असं सगळ्यांचं मत पडलं होतं. गल्लीतल्या त्यांच्या बरोबरीच्या बायका केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. कोणी बेचाळीसला, कोणी पंचेचाळीसला. यशोदाबाईंचं मात्र घड्याळ लावल्यासारखं चालू होतं. वय किती, असं कोणी विचारलं तर त्या ‘चोपन्न’ म्हणत आणि विचारणारी बाई ‘हो का?’ म्हणून गप्प बसे. बाईमाणसाने सांगितलेल्या वयात दोन-चार वर्षं मिळवून घ्यायची, हा हिशोब आपल्याकडे न शिकवता येतो.

पहिला संशय आला तो यजमानांना. अभिमनराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले म्हणजे फक्त कचेरीत जायचे थांबले होते. घरात विजेच्या बिलांची फाईल वेगळी, गॅसच्या पावत्यांची वेगळी आणि आलेल्या लग्नपत्रिकांचीही एक वेगळी, आवक क्रमांकासह. त्या मंगळवारी त्यांनी पडवीच्या दारातून पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मला अठ्ठावन्नला घरी बसवलं. तुला ही मुदतवाढ कोणी दिली?”

“देवाने,” यशोदाबाई पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या.

“तसा काही आदेश आहे का?”

यशोदाबाईंनी पान उलटलं. हेडक्लार्कशी बोलताना पान उलटणं हा त्यांचा जुना उपाय होता.

दुसरा संशय सुनेचा. तो जास्त बोचरा होता, कारण त्यात कष्ट होते. कोकिळा प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळी सातची शाळा. तिचा नवरा भिकन, म्हणजे यशोदाबाईंचा एकुलता एक, रावेरला बँकेत, तो येणार शनिवारी. सासूबाई पडवीत बसल्या की कोकिळेला पहाटे उठून नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, चहा, पोळ्या, भाजी उरकून धावत शाळा गाठावी लागे. तिची पाळी आली की तीही शाळेतून आल्यावर पडवीत बसे, वह्या तपासत, आणि तेव्हा सगळं यशोदाबाई करत. हा व्यवहार तसा सरळ होता. पण आपली सासू साठीची असावी आणि निव्वळ आराम म्हणून बसत असावी, असं एकदा मनात आल्यावर कोकिळेच्या हातून भांडी जरा जोरात ठेवली जाऊ लागली. ती वाईट मुलगी नव्हती. फक्त तिची झोप होत नव्हती.

तिने हे शेजारच्या झमकूबाईंना सांगितलं, तेही अगदी सहज, कुंपणाच्या भिंतीवरून कोथिंबीर घेता घेता. झमकूबाईंच्या यजमानांचं आग्रा रोडवर कापडाचं दुकान होतं. त्या दुकानात जसा एक तागा उलगडला की सगळ्यांनी बघायचा असतो, तशी ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीत उलगडली गेली.

मग सल्ले आले. झमकूबाई स्वतः पडवीच्या पायरीशी, शिवाशिव होणार नाही इतक्या अंतरावर, पाट घेऊन बसल्या. “देखो यशोदाबाई, माझं तो चव्वेचाळीसलाच बंद हो गया. ही सगळी गर्मी आहे. गुलकंद खाव. और वो तुमचा वांग्याचा भरीत, वो बंद करो.” पलीकडच्या तानुबाईंनी लसूण सोडायला सांगितला. खानदेशातल्या माणसाला भरीत आणि लसूण दोन्ही सोडायला सांगणं म्हणजे गाव सोडायला सांगण्यासारखंच. आणखी कोणी मेथी भिजवून प्यायला सांगितली, तर एकीने मेथीला अजिबात हात लावू नका म्हणून निरोप पाठवला. यशोदाबाईंनी सगळ्यांना ‘बरं’ म्हटलं आणि काहीच केलं नाही. ज्या दुखण्यात दुखत काहीच नाही त्याला औषध कशाचं घ्यायचं, हे त्यांना कळेना.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते कानबाईला.

पाटलांची कानबाई, खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी, भडगावजवळच्या गावी, थोरल्या दिरांच्या घरी बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी. सगळा भाऊबंद जमतो, दोन दिवस आधीपासून दळण, सारवण, माणशी सव्वा मूठ पिठाच्या रोटांचा स्वयंपाक, आणि सगळं सोवळ्यात. तिथली सत्ता थोरल्या जाऊबाईंची, ताईबाईंची. ताईबाईंचा आवाज गिरणेच्या या काठावर निघाला की त्या काठावर ऐकू जाई. शनिवारी सकाळी यशोदाबाई एसटीतून उतरल्या, हातपाय धुतले, आणि अर्ध्या तासात शेजारच्या घरच्या ओसरीवर जाऊन बसल्या. मागच्या वर्षीही नेमकं असंच झालं होतं.

ताईबाई पिठाचे हात घेऊन तिथे आल्या. मागोमाग भाऊबंदांतल्या बायका आल्या, कारण ताईबाई अशा चालल्या की मागून जायचं असतं.

“गया सालले बी कानबाईलेच, औंदा बी कानबाईलेच!” ताईबाई म्हणाल्या. “तुना कावळा काय पंचांग देखीसन शिवस का व, यशोदा? मनं तं बेचाळीसले बंद व्हयनं. तू काय सोळा वरीसनी शे?”

“अक्का, मी खोटं कसाले बोलू?” यशोदाबाई म्हणाल्या. गावी आल्या की त्यांची भाषाही गावची होई. “ते बी कानबाईना दारशी?”

“दळण पडनं का तुले कावळा शिवस. बठ्ठ्यासले समजस!”

बठ्ठ्या म्हणजे ओसरीसमोर उभ्या असलेल्या सतरा-अठरा बायका. त्यांत कोकिळासुद्धा होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. यशोदाबाईंना रडू आलं नाही, पण अडतीस वर्षांत या घरात आपण एकही खोटा शब्द बोललो नाही आणि आज आपल्या शब्दाला सव्वा मूठ पिठाचीही किंमत नाही, ही गोष्ट त्यांच्याशेजारी ओसरीवर येऊन बसली. ती दोन दिवस तिथेच बसून होती.

अभिमनरावांना हे कळलं तेव्हा ते पुरुषांत बसले होते. बायकोचा अपमान झाला म्हणजे आपण काहीतरी केलं पाहिजे, एवढं त्यांना समजलं. काय केलं पाहिजे, ते मात्र त्यांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीच्या अनुभवातून ठरवलं. ओसरीजवळ येऊन ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, “वहिनी, तोंडी वाद नको. मी डॉक्टरचा दाखला आणतो.”

ताईबाई म्हणाल्या, “आनज्या.”

यशोदाबाईंना त्या क्षणी ओसरी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आपल्या नवऱ्याने आपल्या पाळीचा दाखला आणायचं जाहीर केलं आहे, आणि तेही चारचौघांत, यापेक्षा दळण बरं होतं.

धुळ्याला परत आल्यावर चौथ्या दिवशी अभिमनराव त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बरोबर एक फाईल. फाईलवर नाव घातलेलं: ‘सौ. यशोदाबाई – प्रकृती’. बाहेर केसपेपर लिहिणाऱ्या मुलीने वय विचारलं. यशोदाबाई म्हणाल्या, “चोपन्न.” अभिमनरावांनी त्यांना हाताने थांबवलं. “अंदाजाने सांगू नये,” ते म्हणाले आणि फाईलमधून रेशनकार्ड काढलं. कार्ड चार वर्षांपूर्वीचं. त्यावर कुटुंबप्रमुखाचं वय सत्तावन्न आणि खाली पत्नीच्या वयाच्या रकान्यात दोन छोट्या उभ्या रेघा, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. “सत्तावन्न अधिक चार,” अभिमनराव म्हणाले. “एकसष्ट लिहा.”

“अहो, मी तुमच्याएवढी कशी असेन?”

“कार्ड सरकारी आहे,” अभिमनराव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. तपासलं. पुन्हा केसपेपर पाहिला. “एकसष्टाव्या वर्षी पाळी?” त्यांनी विचारलं.

“चोपन्न,” यशोदाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या, प्रेमाने, पण वय ऐकून ‘हो का?’ म्हणणाऱ्या बायका हसायच्या अगदी तशाच. “वय लपवायचं नाही हं, बाई. या वयात असं अंगावरून जाणं चांगलं नाही. ही पाळी नसते. मी चिठ्ठी देते, जळगावला मोठ्या बाईंना दाखवा. उशीर करू नका.”

दाखला राहिला बाजूला, हातात चिठ्ठी आली. अभिमनरावांनी ती फाईलला लावली. रिक्षातून परतताना पांझरेच्या पुलावर त्यांनी एकदा यशोदाबाईंच्या हातावर हात ठेवला आणि मग स्वतःलाच लाज वाटून उचलून घेतला.

त्या संध्याकाळपासून घर बदललं. कोकिळेने सासूला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. झमकूबाई गुलकंदाची अख्खी बरणी देऊन गेल्या आणि कुंपणापलीकडे जाऊन डोळे पुसू लागल्या, ते इकडून दिसत होतं. भिकन रावेरहून शनिवारची वाट न बघता आला, तो केळीचा अख्खा घड घेऊन. आजारी माणसाला फळं न्यावीत, एवढं त्याला माहीत होतं आणि रावेरला फळ म्हणजे केळीच. पुढचे आठ दिवस त्या घरात सकाळ-संध्याकाळ केळी खाल्ली गेली. आठवड्याने ताईबाई आल्या. पडवीच्या दारातच त्यांनी हंबरडा फोडला.

“माय व! माले काय ठावं, तुले अशी बिमारी शे! मी कानबाईसामने तुले कितलं बोलनी!”

“अक्का, मला काही झालेलं नाही.”

“अशीच म्हनस माय बिचारी,” ताईबाईंनी कोकिळेला सांगितलं, आणि दोघी रडल्या.

यशोदाबाईंना महिन्याचे चार दिवस हवे होते, ते आता तीसच्या तीस मिळाले. पण त्या तीस दिवसांत एक पान वाचून होईना. दर दहा मिनिटांनी कोणीतरी डोकावून ‘कसं वाटतंय?’ विचारी. शांत बसल्या तर म्हणत, खचल्या बिचाऱ्या. हसल्या तर म्हणत, किती धीराच्या. आधी त्यांची पाळी खरी आहे यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता, आता त्या बऱ्या आहेत यावर कोणी विश्वास ठेवीना. भीती त्यांनाही वाटत होती, नाही असं नाही. दुपारी एकट्या असल्या की वाटायचं, डॉक्टर शिकलेली बाई, तिचंच खरं असलं तर? पण मग त्यांना आपल्या बोटांवर मोजता येणारी चोपन्न वर्षं आठवत. ती त्यांनी जगलेली होती, आणि कुठल्या कार्डावरच्या दोन रेघांसाठी आणखी सात वर्षं जगल्याचं कबूल करायला त्या तयार नव्हत्या.

“मी जळगावला येते,” एका सकाळी त्यांनी अभिमनरावांना सांगितलं. “पण आधी भडगावला चला. माझ्या शाळेत.”

“कशाला?”

“माझा शब्द चालत नाही ना? मग कागद घेऊ.”

कागद म्हटल्यावर अभिमनराव नाही कसं म्हणणार! ते तातडीने धोतर बदलायला गेले.

भडगावच्या शाळेत यशोदाबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. मुख्याध्यापक कौतिक गुरुजी चांगले होते, पण नियमाचे होते. आधी अर्ज हवा. अर्जावर कोर्ट-फीचं तिकीट हवं. तिकीट आणलं, तर अर्जात ‘विद्यार्थिनीने स्वतः सही करावी’ हे राहिलं. मग विद्यार्थिनीने, वय चोपन्न की एकसष्ट हे अजून ठरायचं होतं, पाचवीच्या वर्गातल्या बाकावर बसून सही केली आणि मागच्या बाकावरच्या मुली खुदुखुदु हसल्या. मग रजिस्टर. लोखंडी पेटी उघडली तर वरची तीन रजिस्टरं वाळवीने अशी खाल्ली होती, की त्या वर्षी भडगावात कोणी शिकलं होतं याला काही पुरावा उरला नव्हता. यशोदाबाईंनी डोळे मिटले. चौथं रजिस्टर मात्र कडांना कुरतडून वाळवीने सोडून दिलेलं होतं. गुरुजींनी बोट फिरवत फिरवत वाचलं: “यशोदा झुलाल. जन्मतारीख एक जून, एकोणीसशे चौतीस.”

“एक जून?” अभिमनराव म्हणाले.

“त्या वेळचे गुरुजी सगळ्यांनाच एक जून देत,” कौतिक गुरुजी म्हणाले. “तारखेचं मी सांगत नाही. वर्ष पक्कं आहे.” मग त्यांनी चौकशी केली, “तुमच्या रेशनकार्डावर वेगळं कसं काय आलं?”

अभिमनरावांनी कार्ड काढलं. उजेडात धरलं. अक्षर सुंदर होतं, वळणदार, ठसठशीत. पाटबंधारे खात्यात त्या अक्षराची तारीफ होत असे. कार्डाचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला होता. बायकोच्या वयाच्या रकान्यापाशी आल्यावर त्यांना वय आठवलं नव्हतं, आणि उठून आत जाऊन विचारायचा त्यांना कंटाळा आला होता. म्हणून त्या दोन रेघा. कचेरीतल्या माणसाने त्या तशाच उतरवल्या होत्या.

त्यांनी कार्ड परत ठेवलं आणि शाळेच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, “मला माहीत नव्हतं.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं,” यशोदाबाई म्हणाल्या.

त्या रागाने बोलल्या नव्हत्या, म्हणूनच अभिमनरावांना ते फार लागलं. एरंडोलपर्यंत ते एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. एरंडोलला त्यांनी यशोदाबाईंना विचारलं, चहा घेशील का. हेही त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. ते चहा घेऊनच येत असत, आणि तोही त्यांच्या आवडीचा, आलं घातलेला. यशोदाबाईंना आलं आवडत नसे.

जळगावच्या मोठ्या बाई वयाने खरंच मोठ्या होत्या. त्यांनी शाळेचा दाखला पाहिला, रेशनकार्ड पाहिलं, दोन्ही बाजूला ठेवलं आणि यशोदाबाईंना विचारलं, “तुम्हीच सांगा, वय किती?”

“चोपन्न.”

“बरं, चोपन्न.” त्यांनी लिहून घेतलं. एवढ्यावर यशोदाबाईंचे डोळे भरून आले.

दोन दिवस तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले. मोठ्या बाई म्हणाल्या, “काहीही झालेलं नाही. कुणाची लवकर थांबते, कुणाची उशिरा. तुमच्या आईची कधी थांबली?”

“तिची पंचावन्नला.”

“मग तुम्ही आईवर गेलात. एकच लक्षात ठेवा. फार जायला लागलं, किंवा वर्षभर थांबून पुन्हा आलं, तर लगेच दाखवायचं. नाहीतर पुन्हा इकडे यायचं कारण नाही.”

अभिमनराव उठून उभे राहिले. “मॅडम, एक दाखला मिळाला असता तर…”

“कसला?”

अभिमनरावांनी सांगितलं. मोठ्या बाईंनी तीस वर्षांत फिटनेसचे दाखले दिले होते, आजारपणाचे दिले होते, पण असा कोणी मागितला नव्हता. त्यांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. यशोदाबाई भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत होत्या. मग मोठ्या बाईंनी कागद ओढला आणि लिहिलं, ‘वय चोपन्न. तपासले. मासिक पाळी नियमित चालू आहे. प्रकृती उत्तम.’ सही, शिक्का.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. अभिमनराव थांबले नाहीत. पण आता त्यांच्या धावपळीत संशय नव्हता, भरपाई होती. आणि भरपाई करायची म्हणजे त्यांना प्रती काढणं एवढंच येत होतं. त्यांनी दाखल्याच्या तीन प्रती काढल्या आणि ओळखीच्या एका अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आणल्या. अधिकाऱ्याने रोजच्याप्रमाणे न वाचता ‘खरी प्रत’ म्हणून शिक्का मारला.

“माझी पाळी कचेरीत जाऊन शिक्का मारून आली,” यशोदाबाई कोकिळेला म्हणाल्या, “आता मी मरायला मोकळी.”

कोकिळा आधी हसली आणि मग तिला रडू आलं. “आई, मीच झमकूमावशींना सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, तुम्ही उगाच बसता.”

“मला ठाऊक आहे.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू सकाळी पाचला उठत होतीस,” यशोदाबाई म्हणाल्या. “माझ्या सुनेने पाचला उठून मला शिव्या दिल्या, तर त्यात तिचं काय चुकलं?”

एक प्रत भडगावला गेली. ताईबाईंना वाचता येत नसे. त्यांनी ती भाऊबंदांत मोठ्याने वाचून घेतली आणि देव्हाऱ्यात कानबाईच्या नारळाशेजारी ठेवून दिली. दुसरी प्रत झमकूबाईंनी मागून नेली. मूळ दाखला आणि तिसरी प्रत फाईलमध्ये. आता पाटलांच्या घरात, भाऊबंदांत आणि देवपुरात यशोदाबाईंच्या शब्दावर शंका घेईल असा माणूस उरला नाही. कार्तिकापर्यंत त्या दर महिन्याला पडवीत बसल्या आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही. उलट झमकूबाई येता-जाता अभिमानाने विचारत, “चालू आहे ना?”

मार्गशीर्षात ती आली नाही. पौषातही नाही. यशोदाबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. सांगायला लाज नव्हती, पण दाखला देव्हाऱ्यात ठेवलेला असताना अशी बातमी सांगायची कशी, हा प्रश्न होता. शिवाय त्यांना थोडं वाईटही वाटत होतं. तिसऱ्या कपाटाचे दोन खण अजून बाकी होते.

पौषातल्या थंडीत अभिमनरावांनी एका शुक्रवारी घरात जाहीर केलं, “रविवारी आपल्याकडे भरीत पार्टी. खात्यातले सगळे येतायत. बावीस जण. मळ्यातली वांगी सांगितलीत, भाजायच्या काड्या मागवल्यात. तुम्ही दोघींनी फक्त भाकरी करायच्या. कळण्याच्या.”

फक्त भाकरी! बावीस माणसं, थंडीतली, खानदेशातली, आणि समोर भरीत. एकेकाला चार धरल्या तरी अठ्ठ्याऐंशी. त्याही कळण्याच्या, ज्वारी आणि उडदाच्या पिठाच्या, ज्या गव्हाच्या पोळीसारख्या झटपट लाटता येत नाहीत, थापाव्या लागतात. यशोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रेशनकार्डापासून ते पुष्कळ गोष्टी विचारायला शिकले होते. चहात आलं घालू का, हे विचारत. वाचनालयातून कोणतं पुस्तक आणू, हेही विचारत. पण भाकऱ्यांचं विचारायचं असतं, हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी आठ वाजता यशोदाबाई चटई, तांब्या आणि पुस्तक घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्या खोटं बोलल्या होत्या, तेही तोंडातून शब्द न काढता. पुस्तक उलटं धरलंय हे त्यांना दोन मिनिटांनी कळलं. अभिमनराव दारात आले, पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर कपाटावरच्या फाईलकडे गेली आणि तोंड मिटलं. सहीशिक्क्याचा कागद आपणच आणलेला. त्यापुढे विचारणार काय? “बरं,” ते म्हणाले. “कोकिळा आहे.”

एवढ्यात कोकिळा वह्यांचा गठ्ठा घेऊन पडवीत आली. तिने सासूच्या चटईला चटई लावली आणि बसली.

यशोदाबाई हळूच म्हणाल्या, “तुझी तर मागच्या आठवड्यातच झाली.”

“हो,” कोकिळाही हळूच म्हणाली. “आणि तुमची दोन महिने झाले, तारेवर काही वाळत नाही.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग यशोदाबाईंनी पदर तोंडाशी धरला, कोकिळेने वही तोंडासमोर धरली, आणि पडवीत बराच वेळ एवढंच ऐकू येत राहिलं की दोन बायका न हसण्याचा प्रयत्न करत आहेत. हसू आवरल्यावर यशोदाबाईंनी सुनेचा हात हातात घेतला. बाजूला बसलेल्या बाईने कोणाला शिवायचं नसतं, पण आज तसा दोष लागण्याचं काही कारण नव्हतं.

“खाली लागतंय का?” त्यांनी विचारलं. “माझी चटई जाड आहे, इकडे सरक.”

आत डबा उघडल्याचा आवाज आला. मग परातीचा. मग बराच वेळ काहीच नाही. अभिमनराव पीठ घेऊन बसले असावेत. शेवटी त्यांचा आवाज आला, हेडक्लार्कचा नव्हे, नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाचा.

“अगं, या पिठाला पाणी किती घालायचं?”

“गरम करून घ्या,” यशोदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “थोडं थोडं घाला, आणि मळत राहा. घाई करू नका.”

पहिली भाकरी तव्यावर टाकताना फुटली. दुसरीही फुटली. कोकिळेने सहावी वही तपासायला घेतली, आणि यशोदाबाईंनी पुस्तक सरळ केलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.